पहिल्या छपाईतली बाई

मी आजवर जेवढ्या थापा मारल्या त्या सगळ्या एका मालगाडीत भरल्या, तर इंजिन डहाणूला पोचेल तेव्हा गार्डाचा डबा विरारलाच असेल. हे मी स्वतःहून कबूल करतो, म्हणजे तुम्हाला ते शोधायची तसदी नको. पण ही गोष्ट त्या मालगाडीतली नाही. ही खरी आहे, आणि म्हणूनच ती मी फारशी कोणाला सांगितलेली नाही. खऱ्या गोष्टीत मला पदरचं मीठ-मसाला घालता येत नाही.

सदुसष्ट साल. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं. बोईसर स्टेशनात उतरलं की चार मुलखांची भाषा कानावर पडायची. मी तिकडे जीप चालवायचो. बाकीच्या ड्रायव्हरांना अमेरिकन साहेब मिळाले, खिशात चॉकलेट घेऊन फिरणारे. माझ्या वाट्याला आला नॉर्वेचा. ओल्सेन त्याचं नाव. अंगाने ताडासारखा, बोलायला त्याहून कमी. पोलादी नळांच्या जोडांत डोळ्याला न दिसणारी चीर असते, ती शोधायचं काम तो करायचा. चिंचणीच्या अलीकडे एका चिकूच्या वाडीतला बंगला त्याला भाड्याने घेऊन दिला होता. स्वयंपाकाला येसूबाई होती, कोळीवाड्यातली. ती त्याच्याशी मराठीत बोलायची, तो तिच्याशी नॉर्वेच्या भाषेत, आणि दोघांचं कधी बिनसलं नाही.

जीपमधून जाता-येता मी त्याला गोष्टी सांगायचो. माझं इंग्रजी तीनचाकी होतं, पण चालायचं. वाणगावच्या मिरचीच्या मळ्यांतून गाडी गेली की इंजिन शिंकतं. मनोरच्या घाटात एक वाघ रोज सकाळी एस. टी.ला हात दाखवतो. ओल्सेन गंभीरपणे ऐकायचा. मग दुसऱ्या दिवशी साइटवर कुठेतरी नळावर वाकलेला असताना एकटाच हसायचा. कालची गोष्ट आज पोचली, हे मला कळायचं.

दर महिना-दीड महिन्याने मला पालघरच्या पोस्टात जावं लागे. साहेबाचं पार्सल. कस्टमवाल्यांनी फोडून पुन्हा दोऱ्याने शिवलेलं. आत पुस्तकं असत. कादंबऱ्या, त्याच्या भाषेतल्या. पण साध्या नव्हेत. लढाई संपल्यावर त्या देशात ज्या कादंबऱ्यांवरून आरडाओरडा झाला, त्या. एकीचे गठ्ठे पोलिसांनी दुकानातून उचलले होते, अश्लील म्हणून. एकीवर पाद्र्यांनी देवळातून तोंडसुख घेतलं होतं. एकीत जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या घराची बाजू मांडली होती, तर लेखकाच्या खिडक्या फुटल्या होत्या. आणि साहेबाला त्या सगळ्या पहिल्या छपाईच्याच हव्यात. दुसरी छपाई त्याला फुकट दिली तरी नको.

पहिली कशी ओळखायची, असं मी विचारलं. त्याने एक पुस्तक उघडून दाखवलं. नंतरच्या छपाईवर तसं लिहिलेलं असतं, प्रत कितव्या हजारातली ते. पहिलीवर काहीच नसतं. म्हणजे ज्याच्यावर काही लिहिलेलं नाही त्याला मोल, आणि ज्याच्यावर माहिती आहे ते रद्दी. मी म्हटलं, आमच्याकडे लग्नाच्या मुलींचं असंच असतं. हे मात्र त्याला लगेच पोचलं, पण तो हसला नाही.

दमट हवेने पुस्तकांना बुरशी धरायला लागली. तेव्हा मी साहेबाकडे रामकिसनला घेऊन गेलो. रामकिसन परभणीकडचा, साइटच्या स्टोअरमध्ये कीपर. माझा जिगरी दोस्त. आम्ही एका खोलीत राहायचो, एका ताटात जेवायचो. परदेशी यंत्रांच्या खोक्यांतून हवेतली ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पिशव्या निघत, त्या त्याच्याकडे पडून असत. त्याने त्या आणून पुस्तकांच्या पेट्यांत ठेवल्या. शिवाय तो कथा लिहायचा. मासिकांकडे पाठवायचा, मासिकं त्या परत पाठवायची. इंग्रजी त्याचं अस्सल होतं. त्यामुळे लवकरच साहेब संध्याकाळी ओट्यावर त्याच्याशी पुस्तकांवर बोलायला लागला आणि मी बाजूला बसून चिकू सोलायला लागलो. मला वाईट वाटलं नाही. माझा दोस्त, माझा साहेब, दोन्ही माझेच.

मग येसूबाईने तो घोटाळा केला.

त्या पुस्तकांची पानं कापलेली नसत. कागदाच्या घड्या जशाच्या तशा शिवलेल्या. वाचायचं तर सुरीने एकेक घडी फाडायची. न फाडलेली प्रत असेल तर तिला जास्त मान. हे येसूबाईला कोण सांगणार? पेट्या उन्हात वाळवताना तिने पाहिलं, की सगळी पानं एकमेकांना जोडलेली. दुकानदाराने आपल्या साहेबाला फसवलं, अर्धवट माल पाठवला, असं तिला वाटलं. तिने ओसरीवर फतकल मारली, मासळीची सुरी धुऊन पुसून घेतली आणि एकेका पुस्तकाचं पोट फाडत बसली. जन्मभर तेच केलेलं, हात असा सराईत की एक पान वाकडं फाटलं नाही.

आम्ही तिघे साइटवरून आलो तेव्हा ती एका पेटीशी अडली होती. त्या पेटीत सगळ्या प्रती एकाच कादंबरीच्या होत्या. लाल पुठ्ठ्याच्या, पेटीभर. ती मला म्हणाली, "पंढरीदादा, हे बघ. या सगळ्या आदीच फाडलेल्या हायेत. पन एकाच जागी. बाकी कोऱ्या."

मी पाहिलं. खरंच. दर प्रतीत मधलीच एक घडी फाडलेली, आणि प्रत्येकीत तीच. रामकिसननेही पाहिलं. साहेबाने आमच्या हातातली पुस्तकं काढून घेतली, येसूबाईला एक शब्दही न बोलता आत पाठवलं, आणि ओट्यावर बसला. मग सांगायला लागला. मला अर्धं कळलं, उरलेलं रामकिसनने हलक्या आवाजात मराठीत सांगितलं.

त्याची बायको सिग्ने. लढाईत त्यांचा गाव जर्मनांच्या ताब्यात होता, तेव्हा ती कोवळी पोर होती आणि एका जर्मन शिपायावर तिचा जीव जडला. लढाई संपली, शिपाई गेला. मग गावाने अशा पोरींना गोळा केलं आणि बेकरीच्या पायरीवर बसवून सगळ्यांदेखत त्यांचे केस भादरले. पुढे ओल्सेनने तिच्याशी लग्न केलं, दुसऱ्या शहरात संसार थाटला. तिथे कोणाला माहीत नव्हतं. पण त्याचा एक मित्र होता, लेखक. त्याने ते सगळं कादंबरीत घातलं. बेकरीचं लाल दार, पोरीच्या मनगटावरचा भाजल्याचा डाग, सगळं. देशभर गदारोळ उठला. निम्मे म्हणाले, लेखकाने देशद्रोही पोरींची वकिली केली. निम्मे म्हणाले, देशाची अब्रू काढली. आणि या गदारोळात सिग्नेला साऱ्या शहराने ओळखलं. दुसऱ्या छपाईत प्रकाशकाने बेकरीची डेअरी केली, डाग काढून टाकला. म्हणून पहिली छपाई, आणि म्हणून ती एकच घडी फाडलेली: प्रत आली की तो तेवढीच उघडून आत बेकरी आहे का ते बघायचा. जगात जिथे मिळेल तिथून साहेब ती विकत घेत होता, कोणी वाचू नये म्हणून. बाकीच्या कादंबऱ्या आडोशाला. एकच पुस्तक हवंय हे कळलं असतं तर विक्रेत्यांनी भाव चढवले असते, वर कारणही विचारलं असतं.

मी विचारलं, मित्राला कसं कळलं? साहेबाने हातातलं लाल पुस्तक मिटलं. मग म्हणाला, मीच सांगितलं होतं. मित्र होता.

आणि सिग्नेला वाटतं, गावातल्या कोणीतरी सांगितलं. तिला त्याने ते कधी कळू दिलं नव्हतं.

शेवटी त्याने आम्हाला सांगितलं, की डिसेंबरात ती इथे येणार आहे. इतकी वर्षं ती घराबाहेर पडत नव्हती. इथे तिला ओळखणारं कोणी नाही, म्हणून तयार झाली. कोणाला सांगणार नाही म्हणून आम्ही दोघांनी त्याच्या हातावर हात ठेवला. खोलीवर परतताना रामकिसन वाटभर गप्प होता. मला वाटलं, त्याला भरून आलंय.

दिवाळी आली. मी गावी जाऊन आलो, तर बोईसरच्या चहावाल्यापासून साइटच्या फाटकापर्यंत जो तो मला "या विठ्ठलराव" म्हणायला लागला. मला आधी वाटलं, पंढरी नाव आहे म्हणून थट्टा. मग एकाने मुंबईचा एक दिवाळी अंक पुढे केला. रामकिसनची कथा छापून आली होती, 'हिमकन्या' नावाची, सोबत बर्फात उभ्या बाईचं चित्र. एका समुद्रकाठी वीज केंद्र. एक परदेशी साहेब. त्याची ती बायको, ती बेकरी, ते केस. आणि विठ्ठल नावाचा जीप ड्रायव्हर, बडबड्या, थापाड्या. तो ताडी पिऊन साहेबाचं गुपित मेसमध्ये सगळ्यांसमोर फोडतो.

मी ताडी पितो. पण ताडीने मला झोप येते, हे रामकिसनइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. मला खांद्यावर टाकून खोलीवर नेणारा तोच.

रात्रीच्या जेवणाला त्याला धरलं. त्याच्या चेहऱ्यावर अपराधीपणा वगैरे काही नव्हता, होती ती कौतुकाची अपेक्षा.

"कथा आहे ती, पंढरी," तो म्हणाला. "कथेत कोणीतरी गुपित फोडावंच लागतं."

"मग तू तुलाच का नाही घातलंस?"

"लेखकाने कथेत येऊ नये."

"आणि साहेबाचं काय?"

"त्याला मी उद्या अंक देणार आहे. सही करून."

मला वाटलं, तो माझ्यावर मात करायला थाप मारतोय. पण सकाळी तो खरंच स्वच्छ शर्ट घालून जीपपाशी आला. अंक दोन्ही हातांनी पुढे केला, आणि साहेबाला त्याच्या अस्सल इंग्रजीत सांगितलं, की तुमच्या दुःखाने मला लेखक केलं. ओल्सेनने अंक उलटापालटा करून पाहिला. त्याला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. त्याने एवढंच विचारलं, की यात बेकरी आहे का? रामकिसन म्हणाला, साहेब, बेकरी तर कथेचा प्राण आहे.

ओल्सेनने त्याला मारलं नाही, शिवी दिली नाही. जीपमध्ये बसला आणि मला म्हणाला, हे कुठे कुठे मिळतं?

त्या आठवड्यात आम्ही जेवढं हिंडलो तेवढं मी कोणत्याही अमेरिकनाला हिंडवलं नसतं. पालघर स्टेशनवरचा ठेला, बोईसरची दोन दुकानं, वाणगावचा स्टेशनाबाहेरचा पेपरवाला, मनोरचा किराणेवाला जो चहा-साखरेबरोबर अंक विकायचा. जिथे जो अंक दिसला तो साहेबाने उचलला. पालघरच्या ठेलेवाल्याला वाटलं, गोरे लोक मराठी शिकायला लागले. त्याने मुंबईहून आणखी गठ्ठा मागवला. तोही आम्ही घेतला. मी साहेबाला समजावलं, मुंबई-पुण्यात हजारो प्रती असतील. तो म्हणाला, मुंबई-पुण्यात सिग्ने राहणार नाही. इथल्या प्रती पुरेत.

त्याचा हिशेब त्याच्या देशाचा होता. तिकडे एक माणूस, एक पुस्तक, मिटलं दार. प्रत तुमच्या हातात आली की गोष्ट तुमच्या हातात आली. आमच्याकडे दिवाळी अंक असा वाचतात का? चिंचणीत सोजराबाई होत्या, विधवा, घरूनच अंक फिरवायच्या. नावं लिहिलेली घरं, एका घराने दोन दिवस ठेवायचा की पुढच्या घरी. आम्ही त्यांच्याकडे गेलो तर म्हणाल्या, तो अंक फेरीत आहे, परत आला की देते. परत आला तेव्हा त्याला मुखपृष्ठ नव्हतं. कथेच्या पानांवर हळदीची बोटं उमटली होती, तेलाचा गोल डाग होता, एका समासात कोण्या पोराने बैल काढला होता. साहेबाने त्याचे पुऱ्या अंकाचे पैसे दिले.

मी म्हटलं, "साहेब, हा वाचून झालाय."

"पण आता माझ्याकडे आहे," तो म्हणाला, आणि तो अंक त्या लाल पुठ्ठ्यांच्या पेटीत, ओल शोषणाऱ्या पिशवीजवळ नीट ठेवला. त्याचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला होता. मी पुढे बोललो नाही. माझ्या गोष्टीही त्याला दुसऱ्या दिवशी पोचायच्या, ही त्याहून उशिरा पोचेल असं वाटलं.

मात्र मला त्याने त्या दिवसांत एकदाही विचारलं नाही, की विठ्ठल कोण. रामकिसनने त्याला कथा तोंडी सांगितली होती, ड्रायव्हरसकट. मी मनात म्हटलं, हा माणूस ओट्यावर स्वतः हजर होता, कोणी काय सांगितलं हे त्याला कळतं. मला खुलासा करायची गरज नाही. बोईसरने मला विठ्ठल म्हटलं तर म्हणो.

सिग्ने आली ती डिसेंबरात. मी मुंबईहून तिला घेऊन आलो, साहेब मागे तिच्या शेजारी. बारीक, उंच बाई, पिकल्या भातासारखे केस, जाड अंबाड्यात बांधलेले. वाटभर ती खिडकीतून बघत होती. मिठागरं, ताडाच्या रांगा, डोक्यावर टोपल्या घेऊन चालणाऱ्या बायका. एका बाईने तिला हात केला तर तिनेही केला. ते बघून साहेबाने तोंड दुसरीकडे वळवलं. मला आरशात दिसलं.

बंगल्यावर येसूबाई दारात उभी होती. ठेवणीतलं लुगडं नेसलेली. ओवाळून झालं. मग तिने केळीच्या पानात गुंडाळलेली अबोली-शेवंतीची वेणी काढली. सिग्ने खाली वाकली, हसली. येसूबाईने तिच्या अंबाड्याला वेणी माळली आणि केसांवरून हात फिरवला. दोनदा, तीनदा. मग तिचे डोळे भरले.

"किती ग्वाड केस आलेत परत, बाय," ती म्हणाली. "मेल्यांचे हात झडले नाय ते. आता हितं कोन तुला हात लावनार नाय. आमी हाव."

आणि सिग्नेला कळावं म्हणून तिने दोन बोटांची कात्री केली, आपल्या कपाळापासून मानेपर्यंत चालवून दाखवली, आणि नाही-नाही म्हणून मान हलवली.

तिला वाचता येत नव्हतं. तिची पोर चिमी चौथी पास होती. सोजराबाईंचा अंक कोळीवाड्यात आला त्या दिवशी साऱ्या बायकांनी बोंबील सुकत घालून झाल्यावर ती कथा चिमीकडून मोठ्याने वाचून घेतली होती. सगळ्या रडल्या होत्या. कथेतली बाई म्हणजे साहेबाची बायको हे येसूबाईने ओळखलं होतं, आणि आपल्या बाईसाठी आदल्या दिवशीच फुलं सांगून ठेवली होती.

सिग्नेचा हात केसांकडे गेला आणि तिथेच राहिला. ती वळली. ओल्सेनशी त्यांच्या भाषेत बोलली, हळू. त्याने काही उत्तर दिलं. ती पुन्हा बोलली. मग तिने मुद्दाम इंग्रजीत विचारलं, मलाही कळावं म्हणून असेल, "इथे कोणी सांगितलं?"

ओल्सेन माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे. मनात आलं, की आता हा खरं बोलेल, आणि मग फार वाईट होईल, पण सगळं उघड तरी होईल. त्याने हात वर केला आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"ड्रायव्हरने," तो म्हणाला. "त्याच्या पोटात काही राहत नाही. सगळ्यांना माहीत आहे. छापूनही आलंय."

आता बघा, जन्मभर तोंड चालवून पोट भरलेला माणूस मी. खरं सांगायचं तर एक "नाही" पुरे होतं. पण "नाही" म्हटलं तर त्याचा संसार त्याच ओसरीवर फुटणार, आणि "हो" म्हटलं तर मी खरोखरच रामकिसनचा विठ्ठल होणार. आणि माझा "नाही" खरा तरी कोणाला वाटला असता? रामकिसनने ते माझ्यावर ढकललं तेव्हा मला राग आला होता. या वेळी राग आला नाही. माझ्या हातात तिची बॅग होती, ती मी खाली ठेवली.

सिग्नेने मला नीट पाहिलं, वरून खालपर्यंत. त्या नजरेत तिरस्कार नव्हता. तिच्यावर बोट दाखवणारी माणसं तिने पूर्वी पाहिली होती, आणि बोट दाखवल्यावर उभं राहणं कसं असतं हेही. मग ती नवऱ्याकडे वळली.

"आणि ड्रायव्हरला कोणी सांगितलं?"

एवढंच. आवाज चढला नाही.

ओल्सेनचा हात अजून वरच होता. तो खाली आला. वाडीत कोणीतरी चिकूच्या पाट्या ओढत होतं, तो आवाज येत राहिला. ती थांबली होती उत्तरासाठी. मग तिच्या चेहऱ्यावर एकेक करून दिवे विझावेत तसं झालं. इथलं उत्तर तिला मिळालं, आणि त्याच्यामागून तिकडचंही, त्या मित्राचं, इतक्या वर्षांचं. ती पायरीवर बसली. वेणी तिने काढली नाही.

येसूबाई एकदा तिच्याकडे बघायची, एकदा साहेबाकडे. तिला वाटत होतं प्रवासाचा थकवा असेल. तिने पाण्याचा तांब्या आणला, सिग्नेच्या हातात दिला, आणि मला कोपराने ढोसून हळूच विचारलं, "पंढरीदादा, काय म्हनते बाय?"

मी म्हटलं, "फुलं फार आवडली म्हणते."